दर रविवारी मागता तरी काय?

रविवारी सकाळी साडेआठला मी लिफ्टची वाट बघत उभी असते. हातात बायबल, गीतांचं पुस्तक, पर्सच्या पुढच्या कप्प्यात अर्पणासाठी वेगळी काढलेली नोट. नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दूध घेऊन येतात. "निघालात चर्चला? दर रविवारी न चुकता जाता, इतकं मागता तरी काय हो?"

त्यात टोमणा नसतो. वहिनी स्वतः सोमवारी कोपिनेश्वराला जातात आणि काय मागतात ते त्यांना पक्कं ठाऊक असतं: मुलाची बदली पुन्हा ठाण्यात होऊ दे. मी आजवर हसून वेळ मारून नेली. एकदा "मनःशांती" म्हणाले. ते खोटं होतं. आता दर रविवारी चर्चला का जाता, असं तुम्हीही विचारलंत, म्हणून जमेल तसं खरं सांगते.

लहानपणी नगरला होतो तेव्हा आईच्या धाकाने जायचे. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणायचे, आणि रविवारी देवळात न जाणारी पोरं दुपारी जेवायला कुणाच्या तोंडाकडे बघणार, असा घरचा हिशेब होता. लग्न होऊन उथळसरला आले तेव्हा धाक गेला, सवय राहिली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सवयीला मी वाईट म्हणणार नाही, पुष्कळ रविवार तिनेच मला उठवलंय.

मग नवऱ्याची बायपास झाली. त्या दहा-अकरा आठवड्यांत मी एकही उपासना चुकवली नाही. शुक्रवारची उपास-प्रार्थनाही नाही. पाळकसाहेबांनी मंडळीपुढे माझ्या विश्वासाचं कौतुक केलं. डॉक्टरांनी "आता सगळं ठीक आहे, तीन महिन्यांनी या" असं सांगितलं, त्यानंतरच्या रविवारी मी साडेनऊपर्यंत गाढ झोपले. जाग आली तेव्हा आठवले ते बायबलमधल्या लूकच्या सतराव्या अध्यायातले, येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी. बरे दहाही झाले, परत येऊन पाया पडला तो एकटा, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. एक उथळसरला पांघरुणात होती.

मग वहिनींच्या मागण्यात आणि माझ्या मागण्यात फरक काय? त्या नवस उघडपणे बोलतात, मी त्याला विश्वास म्हणत होते, एवढाच.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त लाज वाटते. मी क्वायरमध्ये गाते. आमच्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं अजून भजनाच्या चालीवर, पेटी-तबल्यावर म्हणतात, आणि त्यात माझा आवाज बरा लागतो, हे मला माहीत आहे. (त्यांनी ख्रिस्ती कीर्तनंही केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, हे आमच्या घरी दर नाताळला कुणीतरी सांगतंच.) एका नाताळला एकट्याने म्हणायचं कडवं एका कॉलेजच्या मुलीला दिलं. मुलगी छान गायली. मी तिच्या चुकीची वाट बघत बसले होते. ती झाली नाही, आणि पाळकसाहेबांचा संदेश कशावर होता ते मला आजही आठवत नाही.

सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिनने लिहून ठेवलंय की, गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मन जास्त हललं तर ते आपलं पाप आहे, आणि अशा वेळी गाणं कानांवरच पडलं नसतं तर बरं, असं वाटतं. निदान तो ऐकणारा होता. मी गाणारी. मी क्वायर सोडला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागले. हेतू शुद्ध होईपर्यंत गायचं नाही, असं ठरवून.

तीन-चार रविवारांनी बाहेर चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "किती नम्र आहात हो तुम्ही!" मी घरी येईपर्यंत खूश होते.

तेव्हा वैतागून मी स्वतःला तपासणं थांबवणार होते. त्या दिवसांत आमच्या स्त्रियांच्या सभेत बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याचं पुस्तक चालू होतं. तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा माणूस. पाचव्या अध्यायात देव त्याच्या तोंडून म्हणतो की, तुमच्या गाण्यांचा गोंगाट मला नको, तुमच्या वीणांचा नाद मी ऐकणार नाही. मला वाटलं, आता हा माझ्या मनात डोकावणार. पण आमोस मनात डोकावतच नाही, तो तराजू बघतो. आठव्या अध्यायात व्यापारी शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बसलेत आणि मनात घोकतायत: कधी एकदा हा दिवस संपतो आणि धान्य विकायला काढतो! माप लहान करू, वजन मोठं करू, भुसाही विकू. त्यांची भक्ती खोटी कशी, हे दाखवायला त्याला त्यांच्या भावना लागत नाहीत, माप पुरतं.

आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला लिलाव असतो. लोक भाज्या, फळं, अंडी, घरचा केक आणतात आणि चढ्या बोलीने एकमेकांचं विकत घेतात. पैसे चर्चला जातात. मजा असते. त्या वर्षी मी एक नारळ 1,500 रुपयांना सोडवला होता. टाळ्या पडल्या. आणि त्याच महिन्यात आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे तीन खाडे मी कापले होते. त्यांच्या लेकीला ताप होता. अडीचशे रुपये.

आमोस वाचताना हे आठवलं, आणि त्या सभेत मी पुढे काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मावशींना पैसे दिले. "बरं," म्हणाल्या, घडी करून खोचले आणि भांड्यांना लागल्या. मला वाटतं, मला त्यांच्याकडून आणखी काहीतरी हवं होतं.

क्वायरमध्ये मी परत गेले. हेतू शुद्ध झाले म्हणून नव्हे. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की, मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. एरवी पौलाशी माझं फार जमत नाही, पण या वाक्याने मला मोकळं केलं. आणि योहानाच्या सहाव्या अध्यायातली ती गर्दी. तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय, असं येशू त्यांना तोंडावर सांगतो. पण आदल्या दिवशी त्यानेच त्यांना गवतावर बसवून पोटभर जेवू घातलं होतं. हे लोक उद्या कशासाठी येतील ते त्याला आधी ठाऊक नसेल? तरी वाढलं. बोलला ते नंतर.

मागच्या रविवारी वहिनींनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "तुमच्यासारखंच मागते वहिनी. नवऱ्याची तब्येत, मुलीची नोकरी." त्या खूश झाल्या, म्हणाल्या, "मग बदलीचंही सांगा की जरा." सांगितलं. रिक्षा सिव्हिलजवळच्या जुन्या सेंट जेम्सवरून गेली तेव्हाच, चालत्या रिक्षात. 1825 साली त्या चर्चचं समर्पण करणारे बिशप हेबर स्वतः गीतं लिहायचे. त्यांना वाहवा आवडत असेल का, असा विचार तिथून जाताना हटकून येतो.

नाताळच्या तालमी पुढच्या महिन्यात सुरू होतील. एकट्याचं कडवं बहुधा त्याच मुलीकडे जाईल. ती खरंच छान गाते. मी विचारलेलं नाही अजून कुणाला.