तुम्ही विचारलंत म्हणून: गुगल फॉर्म असताना मूडल कशाला?

शिक्षकांचा प्रश्न ठरलेला असतो. फॉर्म फुकट आहे, पटकन होतो, मग शाळेच्या संगणकावर मूडल, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या घ्यायची प्रणाली, बसवायची यातायात कशासाठी? वीस गुणांची घटक चाचणी असेल, प्रश्न पुन्हा लागणार नसतील, तर फॉर्मच वापरा. माझा त्याला विरोध नाही, कधीच नव्हता.

पण वर्षानुवर्षांचा प्रश्नसंच करायचा असेल तर साधन कुठलंही निवडा, आधी एवढं तपासा: प्रश्न उत्तरांसकट बाहेर निघतात का, दुसरीकडे भरता येतील अशा फाइलमध्ये? पीडीएफ निघते, हे त्याचं उत्तर नव्हे. मूडलमधून एक्सएमएल किंवा गिफ्ट या प्रश्न साठवायच्या साच्यांतली फाइल निघते. आत भरायला आयकेन हा सर्वांत सोपा साचा, पण फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर जतन करायच्या पद्धतीत) हवी आणि पर्यायांची अक्षरं रोमनच हवीत. क, ख, ग, घ लिहिलेत तर प्रश्न आत येणार नाहीत. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला.

खरं दुखणं पुढे आहे, आणि ते फॉर्ममध्येही आहे. व्याकरणाच्या चाचणीत विचारलं: ‘वारा’चं सामान्यरूप लिहा. मुलीने लिहिलं ‘वाऱ्या’. शून्य गुण. शेजारी बरोबर उत्तर झळकतं: ‘वार्‍या’. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. ती पुन्हा पुन्हा ताडून बघते आणि शेवटी समजते की आपलंच चुकलं. तिचं काहीही चुकलेलं नसतं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्या कळीला शिफ्ट जोडून ऱ येतो, पुढे हलन्त आणि य. शिक्षकांच्या कळफलकाने मात्र साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य अशी रांग लावलेली. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. ‘ॲसिड’ आणि ‘अॅसिड’ यांचं तेच, ‘१२’ आणि ‘12’ यांचंही तेच.

यावर मूडलमध्ये इलाज आहे. लघुत्तरी प्रश्नाला दोन्ही रूपं शंभर टक्के गुणांची उत्तरं म्हणून जोडा, मग निकालाच्या पानावर रीग्रेड चालवा. सगळ्या वर्गाचे गुण नव्याने मोजले जातात. तारांकन (म्हणजे ‘इथे काहीही चालेल’) घालून ‘वा*या’ असं उत्तर ठेवायचा मोह टाळा, त्यात ‘वाटया’ही बरोबर ठरतं.

वीज गेली तर? मूडल उत्तरं आपोआप जतन करतं, मूळ सेटिंगमध्ये साधारण दर मिनिटाला, आणि मूल परत आलं की अर्धवट चाचणी तिथूनच उघडते. घड्याळ मात्र थांबत नाही. म्हणून वेळ संपायच्या आत त्या मुलांना ओव्हरराइडने (ठरावीक मुलांपुरती वेळ बदलायच्या सोयीने) जादा मिनिटं द्या, नाहीतर पेपर आपोआप जमा होतो. सर्व्हर प्रयोगशाळेतच असेल तर इंटरनेट नसलं तरी चालतं, पण सर्व्हरला यूपीएस हवाच.

पूर्वी मी ठासून सांगायचे की मुलांनी उत्तर टाइप केलंच पाहिजे, पर्यायांत अंदाजाला वाव राहतो. अंदाजाचं म्हणणं मला आजही पटतं. पण ‘वाऱ्या’ची सगळी रूपं आधी सुचतीलच असं नाही, आणि रीग्रेड होईपर्यंत ते शून्य मुलाने पाहिलेलं असतं. निकाल लगेच न दाखवण्याची सोय मूडलच्या रिव्ह्यू ऑप्शनमध्ये आहे. सध्या मी तीच सुचवते. मग लगेच निकाल मिळावा म्हणून ऑनलाइन चाचणी घेणाऱ्या शिक्षकांना काय सांगायचं, हे मात्र मला ठरवता आलेलं नाही.