बेल्ट ग्राइंडर थरथरायला लागला तेव्हा

अनंत चतुर्दशीला रात्रभर इंदूरच्या मिलच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी डोळे चोळतच सांवेर रोडला शेडवर गेलो. दहा दिवस मशीन, म्हणजे पळत्या पट्ट्यावर पातं घासायचा बेल्ट ग्राइंडर, बंद होतं आणि किचन नाइफची बारा पाती द्यायची होती. ट्रकच्या कमानीचं पोलाद, हार्डनिंग झालेलं, फक्त बेव्हल, म्हणजे धारेकडचा उतार, काढायचा बाकी.

पहिलंच पातं लावलं तर हाताला झिणझिण्या. उजेडात तिरकं धरून बघितलं तर बेव्हलवर बारीक आडव्या लहरी, पाण्यावर येतात तशा. मला वाटलं बेल्टचा जोड असेल, पण जोडाचा ठोका वेगळा असतो हो, ७२ इंची बेल्ट सेकंदाला १५ मीटरनं पळतो तेव्हा जोड प्लेटनवरून (बेल्टमागची सपाट पट्टी) आठेक वेळा जातो, टकटक कळते. ही टकटक नव्हती, ही सलग भुणभुण होती. तरी नवीन बेल्ट चढवला. तेच. बेल्ट काढून नुसती मोटर चालवली, २८८० आरपीएमला लोण्यासारखी. ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलायचा डबा) स्पीड अर्धी केली तर थरथर जवळपास गायब, वाढवली की परत हजर. मग डोकं चालवायचं सोडून सियागंज बाजारात गेलो आणि ट्रॅकिंग व्हीलची (बेल्ट जागेवर ठेवणारं चाक) बेअरिंगं आणून बदलली, दुपार गेली, पैसे गेले, फरक शून्य.

संध्याकाळी बाबांना घेऊन आलो. बाबा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, १९९१ ला मिल बंद पडेपर्यंत. त्यांनी लांब पेचकस मागितला (आमच्याकडे स्क्रू ड्रायव्हर कोणी म्हणत नाही), मशीन चालू ठेवून त्याचं टोक एकेका रोलरच्या बोल्टवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. प्लेटनखालच्या रोलरपाशी थांबले. "हा बोलतोय बघ."

बेल्ट काढला, तो रोलर बोटानं हळूच फिरवून सोडला, थांबला तिथे खाली खडूची रेघ. परत फिरवला, थांबला, रेघ खालीच. तिसऱ्यांदा पण खालीच. म्हणजे एक बाजू जड.

रोलर उतरवला. वजन कमी व्हावं म्हणून तो मागून पोखरलेला आहे, आणि त्या पोकळीत एका बाजूला तपकिरी दगडासारखा थर. पाती पाण्यात बुचकळून घासतो ना मी, ते पाणी आणि लोखंडाचा भुगा नेमका तिथे उडतो. रोज मशीन चालतं तेव्हा तो गाळ सगळीकडे सारखा पसरत असणार. दहा दिवस, त्यात पावसाळा, सगळा ओघळून खाली बसला आणि गंजून घट्ट झाला. मोटरचं चाक १०० मिमीचं, हा रोलर ७५ चा, म्हणजे मोटर २८८० ला असताना हा फिरतो ३८४० आरपीएमनं, आणि स्पीड दुप्पट झाली की असमतोलाचा झटका चौपट, म्हणून अर्ध्या स्पीडला चोर सापडत नव्हता.

छिन्नीनं खरवडून काढला, मूठभर नाही, जेमतेम दोन चमचे निघाला. मशीन चालू केलं. गप्प.

अकरा पाती वेळेत दिली. पहिलं मात्र गेलं, लहरी घालवायच्या नादात टोक तापून निळं पडलं, टेंपर गेला, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. ते आता आई भेंडी चिरायला वापरते आणि दर चार दिवसांनी धार लावून मागते.