न पाहिलेल्या जागांची यादी

घर विकत घेण्यापूर्वी त्याची तपासणी करून लेखी अहवाल देणे हा माझा व्यवसाय असून बांधकामातील दोष आणि लाकडाला लागलेली कीड या दोन्ही गोष्टी मी पाहतो. ग्राहक बहुधा दोनच प्रश्न विचारतात: फी किती आणि अहवाल कधी मिळेल. एका बाईंनी मात्र फोनवर आधी माझीच तपासणी केली. त्यांनी पात्रतेचे प्रमाणपत्र मागितले, माझ्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाल्यास ते भरून देणारा विमा आहे का याची चौकशी केली, जुना एखादा अहवाल नाव-पत्ता खोडून नमुन्यादाखल पाठवायला सांगितले आणि वाळवीवर औषध मारण्याचे कामही मीच करतो का, असे विचारले. मी ते करत नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. औषध विकणाऱ्याला कीड जरा लवकरच दिसते." औषध मारणारे सगळेच तसे नसतात, हे मी त्यांना सांगितले, पण दोष शोधणारा आणि दुरुस्तीचे पैसे घेणारा एकच असला की अहवालाचे वजन घटते, हे मलाही मान्य आहे.

एवढ्या चौकशीचे कारण त्यांच्या हातातला कागद होता. विक्रेत्याने दिलेल्या त्या एका पानी दाखल्यात ओलीची मोजमापे नव्हती, छायाचित्रे नव्हती, फक्त "घर पूर्णपणे कीडमुक्त आहे" असे ठाम वाक्य होते. भिंत किंवा फरशी न उघडता असे वाक्य कोणालाच लिहिता येत नाही. जिथे नजर पोहोचली तिथे त्या दिवशी कीड असल्याची खूण आढळली नाही, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

तपासणीच्या दिवशी बाई स्वतः हजर होत्या. घराला नुकताच रंग दिलेला होता, आणि ताजा रंग पाहिला की मी आधी बाहेरून फेरी मारतो. मागच्या भिंतीला लागून बागेची माती जोत्याच्या वरपर्यंत चढवलेली होती आणि एसीचे पाणी नेमके त्याच मातीत ठिबकत होते. जमिनीतल्या वाळवीला ओल आणि अंधार हवा असतो व आत शिरायला एक मिलिमीटरहून बारीक फटही पुरते. त्यामुळे आत गेल्यावर कोणती भिंत नीट पाहायची, हे तिथेच ठरले.

त्या भिंतीच्या आतल्या अंगाला जिन्याखालची अडगळीची खोली होती आणि ती खोक्यांनी छतापर्यंत भरलेली होती. "तिथे नुसते सामान आहे, ठीकच आहे असे धरून चाला," असे विक्रेत्याचा एजंट म्हणाला. दुसऱ्याचे सामान हलवण्याचा मला अधिकार नसल्याने मी दाराच्या चौकटीपासून सुरुवात केली. घरातल्या इतर चौकटींवर मीटर १२ टक्क्यांच्या आसपास ओल दाखवत होता, इथे जमिनीलगत तो २४ वर गेला. लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओल टिकून राहणे हे बुरशीलाही आमंत्रणच असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर चौकटीचा वरचा भाग खणखणीत वाजला, तर खाली पोकळ, बसका आवाज आला. तिथला रंग किंचित सुरकुतलेला होता. अंगठ्याने हलकेच दाबताच तो आत गेला आणि खाली पुस्तकाच्या पानांसारखे लाकडाचे पातळ पापुद्रे दिसले. मऊ भाग खाऊन कठीण थर तेवढे उरलेले होते आणि मधल्या जागेत माती भरलेली होती.

बाईंनी तिथूनच घरमालकांना फोन करून खोकी हलवायची परवानगी घेतली. मागच्या भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी जमिनीपासून जिन्याच्या लाकडी तुळईपर्यंत गेली होती. मधला बोटभर तुकडा काढताच फिकट कामकरी वाळवी सैरावैरा धावली आणि पाठोपाठ तपकिरी डोक्याचे सैनिक तोंडाशी येऊन उभे राहिले. एजंट कीटकनाशकाचा डबा घेऊन धावला, तेव्हा मला त्याला अडवावे लागले. वरवरच्या फवाऱ्याने दिसणारी वाळवी मरते, बाकीची ही वाट सोडून दुसरीकडून चढते, आणि नंतर उपचार करणाऱ्याला माग उरत नाही.

थर्मल कॅमेऱ्यातून भिंतीच्या आतले दिसेल का, असे बाईंनी विचारले. तो फक्त पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. त्यावरून ओलीचा संशय घेता येतो, भिंतीच्या आरपार पाहता येत नाही.

अहवालाच्या शेवटी मी न पाहिलेल्या जागांची यादी, प्रत्येकीच्या कारणासह, देतो. बहुतेक ग्राहक ती वाचत नाहीत. बाईंनी तीच आधी वाचली आणि फोन केला, "छताच्या पोकळीत शिरायला वाट नाही म्हणता, ती करून दिली तर पुन्हा याल का?" विक्रेत्याने कुरकुर करत तिथे झडप बसवून दिली. आतले वासे कोरडे होते. एका वाशावर भुंगेऱ्यांची बारीक भोके होती, पण खाली ताजा भुगा नव्हता, म्हणून ती जुनी असावीत असे मी नोंदवले आणि पुढच्या तपासणीत पुन्हा पाहण्याची शिफारस केली.

पुढे माती जोत्याखाली उतरवणे, एसीचे पाणी दूर नेणे, वाळवीवर उपचार आणि चौकट बदलणे या अटींवर व्यवहार ठरला. उपचारानंतरच्या फेरतपासणीची फी आपण देऊ, असे विक्रेत्याने सुचवले. बाईंनी नकार दिला आणि पावती स्वतःच्याच नावाने करायला सांगितली.