आठ झडपा आणि तळाचा गुलाबी थर

मी जेवून वर्कशॉपमध्ये परतलो तेव्हा माझ्या मदतनिसाने पहिली झडप निम्मी घासून काढली होती. दारातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत पांढरी धूळ तरंगत होती. त्याच्या भुवयांवर, शर्टाच्या खिशावर, पाण्याच्या बाटलीच्या झाकणावरही तीच. मास्क होता, पण हनुवटीवर. "दादा, रंग मस्त सुटतोय," तो म्हणाला. कोरडं घासायला त्याला मीच सांगितलं होतं. त्या वाक्यावर मी अजून अडकून आहे.

झिलमिलीच्या, म्हणजे आडव्या हलत्या पट्ट्यांच्या, खिडकीच्या जुन्या आठ झडपा होत्या. मॅडमनी त्या स्वतः शोधून आणलेल्या, मुलाच्या खोलीत पलंगाच्या उशालगत भिंतीवर लावायला. मुलगा चार वर्षांचा. उखडलेला रंग तसाच ठेवायचा, वरून फक्त पातळसा एक हात मारायचा, आणि पट्ट्या हलल्या पाहिजेत कारण मुलाला गंमत वाटेल, अशी मागणी. फोनमधले वीसेक फोटो दाखवले. असे फोटो काढणाऱ्यांना एकदा झिलमिलीची एक अख्खी झडप खरवडायला बसवलं पाहिजे. एका झडपेत २६ पट्ट्या, आठांत २०८. प्रत्येकीला दोन बाजू आणि दोन कडा. दोन्ही टोकांच्या लाकडी खुंट्या चौकटीच्या भोकात फिरायच्या, पण रंगाच्या थरांनी त्या जाम झालेल्या. मधली उभी दांडी पट्ट्यांना तारेच्या बारीक कड्यांनी जोडलेली. त्यातल्या निम्म्या गंजलेल्या, एक ओढली की तीन तुटणार.

जुना रंग म्हटला की त्यात विषारी शिसं आहे का याची चाचणी करायची, हा माझा नियम आहे. इतरांना मी तो ऐकवतोही. अमेरिकेने घरातल्या रंगात शिसं घालायला १९७८ साली बंदी केली, इतर कित्येक देशांत कायदे त्याच्या बऱ्याच नंतर आले. म्हणजे झडप दिसायला कितीही साळसूद असो, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. तर मी चाचणीची काडी काढली, वरच्या सायीच्या रंगावर घासली, रंग बदलला नाही, आणि मी हो म्हणून टाकलं. घाई होती. कसली होती, ते आता आठवत नाही.

निम्म्या घासलेल्या झडपेच्या कडेला थरांची वळणं उमटली होती, नकाशावर उंचीच्या रेषा असतात तशी. साय, हिरवा, तपकिरी, पुन्हा हिरवा, पांढरा, आणि लाकडाला चिकटून एक फिका गुलाबी. तो गुलाबी बघून पोटात गोळा आला. लाकडावर पहिला हात म्हणून पूर्वीचे रंगारी शिशाच्या सफेद्यात थोडा शेंदूर मिसळून अळशीच्या तेलात कालवत. शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, आणि सफेदाही शिशाचाच. अळशीचं तेल लाकडात मुरतं आणि ते अस्तर असं धरून बसतं की वरचे पाच थर उखडले तरी हा जागचा हलत नाही. रंगारी म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं, काय करणार.

काडी पुन्हा काढली. पण या काड्या शिसं सापडलं की गुलाबी-लाल होतात, आणि घासायचं होतं ते गुलाबीवरच! काडीला लागलेला रंग अस्तराचा की चाचणीचा, कसं ओळखणार? चाचणी बनवणाऱ्याने कधी जुनी खिडकी खरवडली नसावी. मग धारदार पात्याने लाकडापर्यंत तिरकी खाच मारली, सगळे थर उघडे केले आणि सोडियम सल्फाइडचा थेंब सोडला; शिसं असलं की त्याने रंग काळा पडतो. सडक्या अंड्याचा वास येतो, तो सोसायचा. वरची साय जशीच्या तशी राहिली. तळचा पांढरा आणि गुलाबी मात्र बघता बघता काळे पडले. हे पाच मिनिटांचं काम होतं, ते सकाळी करायचं होतं.

सगळं थांबवलं. जमीन ओल्या फडक्याने पुसली, झाडू लावू दिला नाही. बारीक धूळ धरणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम फिरवला. मदतनिसाला हात-तोंड धुवायला लावलं, शर्ट पिशवीत बांधून दिला, घरी वेगळा धू म्हणालो. त्याचीही मुलगी दीड वर्षाची आहे. रांगणारं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तात शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "दादा, आमच्या काकांनी आयुष्यभर घासलं की!"

संध्याकाळी मॅडमना फोन केला. "वरून वार्निश मारून बंद नाही का करता येणार?" हा प्रश्न नेहमी येतो, आणि स्थिर फळी असती तर त्याला अर्थ होता. पण हलणारी पट्टी प्रत्येक वेळी खुंटीपाशी घासणार, त्यातून भुकटी पडणार, आणि ती पडणार थेट उशीवर. पट्ट्या ठोकून पक्क्या करा, किंवा सगळा रंग काढा. त्यांनी काढायला सांगितलं, पण आवाज पडला होता.

रंग काढायला कॉस्टिक सोड्याच्या हौदात झडपा बुडवून देणारे असतात. मी देत नाही. लाकडाचे तंतू उभे राहतात, सरसाचे सांधे सुटतात आणि आत राहिलेला क्षार पुढे नवा रंगही फेकून देतो. म्हणून रंग सुटवणारा लेप लावून, वर प्लास्टिक गुंडाळून, ओल्या ओल्यात खरवडलं. सतरा दिवस लागले. चौकटींच्या वरच्या कडेला पटाशीने कोरलेले रोमन आकडे निघाले, कुठली झडप कुठल्या खिडकीची ते कळावं म्हणून सुताराने घातलेले. त्यावरून जोड्या लावल्या तर चारपैकी तीन जोड्या आम्ही उलटसुलट मांडल्या होत्या.

मग खरी गंमत. उघड्या लाकडावर नवा हिरवा दिला, कडांवर मेण चोळलं, वर सायीचा हात दिला आणि मेणाच्या जागी तो पुन्हा घासून उडवला. हे मला चांगलं जमतं. नवशिके सगळीकडे सारखं घासतात. खरी झीज कडीपाशी असते, अंगठा टेकतो त्या बोटभर जागी, आणि खालच्या आडव्या पट्टीवर, जिथे पावसाचं पाणी थांबतं. पट्ट्यांच्या पाठीवर ती जवळपास नसतेच. दोन दिवस मी हे म्हातारपण रंगवत बसलो होतो, आणि सुटलेल्या थरांची पोती कोपऱ्यात, घातक कचरा म्हणून वेगळी बांधलेली.

झडपा भिंतीवर चढल्या. मॅडम खूश होत्या. कडीपाशी मी केलेल्या झिजेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "किती हात लागले असतील ना इथं!"

मी हो म्हणालो. शेजारी मदतनीस शिडी घडी करत होता. वर बघून तो गालातल्या गालात हसला. त्याच्या अंगात तोच शर्ट होता. मुलीची रक्ततपासणी करून घे, पैसे मी देतो, असं मी त्याला दोनदा म्हणालोय. दोन्ही वेळा "हो दादा" म्हणाला. तिसऱ्यांदा विचारायचं अजून जमलेलं नाही.