खोलीतला कॅमेरा आणि माझी सही

बेळगावहून खानापूरकडे जाताना लागणाऱ्या एका निवासगृहात माझा धाकटा भाऊ आणखी सात जणांबरोबर राहतो. त्याचे वय 38, त्याला बौद्धिक अपंगत्व आहे आणि अधूनमधून फिटही येते. गेल्या वर्षी तिथे खोल्यांमध्ये कॅमेरे बसवायचे ठरले, तेव्हा रात्री झोपेत फिट आली तर कोणाला तरी कळेल, एवढ्याच विचाराने मी संमतिपत्रावर सही करून मोकळी झाले. संमतिपत्र कन्नडमध्ये होते. भावाला वाचता येत नाही, आणि त्यातला मजकूर त्याला मराठीत समजावून सांगण्याचे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही.

पुढे फोनवर ते चित्र पाहण्याची मला सवयच लागली. एके संध्याकाळी भाऊ अंघोळ करून आला, कपाटाचे दार उघडून त्याच्या आडोशाला उभा राहिला आणि तिथेच अवघडून शर्ट बदलू लागला. घरी तो असा कधी लपला नव्हता. पुढच्या भेटीत कॅमेऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आक्का, ब्याड." 'नको'साठी हा कन्नड शब्द तो तिथल्या मावशींकडून शिकला आहे.

1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीने मला त्याची पालक नेमले आहे, त्यामुळे माझी सही कागदोपत्री बिनचूकच होती. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची व्याख्याच अशी आहे की पालक आणि ती व्यक्ती यांनी परस्परविश्वासाने मिळून निर्णय घ्यावा. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात तर मुले आणि कायदेशीर पालक नेमलेल्या दिव्यांग व्यक्ती, दोघांच्याही वतीने संमती दुसऱ्याने द्यायची आहे. पाळत ठेवण्यास मनाई मात्र फक्त मुलांच्या बाबतीत आहे. हे कलम मी तीनदा वाचले.

स्वयंपाकघरातले आणि व्हरांड्यातले कॅमेरे राहावेत, असेच माझे मत आहे, कारण तिथे कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर नजर हवी. खोलीतला मात्र मी बंद करायला लावला आणि फिटसाठी गादीखाली हालचाल ओळखणारी पट्टी घातली; ती कुशी बदलतानाही अधूनमधून वाजते, मावशी कुरकुरतात.

बंद केलेला कॅमेरा अजून भिंतीवरच आहे. तो चालू आहे की बंद, हे पलंगावरून कळत नाही, म्हणून भाऊ रोज रात्री स्टुलावर चढून त्यावर आपला टॉवेल टाकतो.