1095 दिवस आणि आईचं कालनिर्णय

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे, त्यात नुसत्या तारखा आहेत, कॅनडातून निघाले कधी आणि परत आले कधी. इथल्या सिटिझनशिपचा अर्ज करायचा तर त्याआधीच्या 5 वर्षांत 1095 दिवस प्रत्यक्ष इथे राहिलेलं लागतं. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळायच्या आधी वर्क परमिटवर काढलेला दिवस अर्धाच धरतात. जायचा आणि यायचा दिवस मात्र इथलाच मोजतात, त्यामुळे तिकीट काढताना आता आपोआप तेही बघितलं जातं.

गेल्या वर्षी बाबा वाईच्या घरी बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, साताऱ्याला ऑपरेशन झालं. मी दोन आठवड्यांसाठी म्हणून गेले आणि 74 दिवस राहिले. वॉकर धरून ते ओट्यापर्यंत आले तो दिवस मी विसरणार नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे आईचं कालनिर्णय लटकवलेलं असतं, दुधाचा हिशोब, सिलेंडरची तारीख सगळं त्याच्यावर, आणि त्याच चौकोनांत तिने पेन्सिलीने बारीक आकडे घातले होते, 31, 32, 33. म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, "तुझे तिकडचे दिवस जातायत ना, म्हणून लिहून ठेवते." मला काही बोलताच येईना.

इकडे मैत्रिणी म्हणतात घेऊन टाक एकदाची सिटिझनशिप, तिकडे काका म्हणतात देश सोडायची एवढी घाई कशाला. दोघांनाही वाटतं प्रश्न मनाचा आहे. पण तो निम्मा तरी कायद्याचा आहे हो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की आपलं भारतीय नागरिकत्व संपतं. मग पासपोर्ट सरेंडर करायचा आणि ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करायचा. ओसीआयवर आयुष्यभर येता-जाता येतं, फ्लॅट घेता येतो, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली चालते. शेजारचं चुलत्यांचं वावर कधी निघालंच विकायला तर ते मला घेता येणार नाही.

आणि सिटिझनशिपची शपथ झाल्यापासून ओसीआय हातात येईपर्यंतचे ते मधले दिवस, त्यांची मला खरी भीती वाटते. सप्टेंबर 2023 मध्ये भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं बंद केलं होतं, ई-व्हिसा नोव्हेंबरमध्ये परत सुरू झाला. ओसीआयवाले जात-येत होते. पण आमच्या ओळखीतल्या एकाची शपथ नुकतीच झालेली, जुना पासपोर्ट चालत नाही, ओसीआय आलेलं नाही, वडील आयसीयूमध्ये, आणि हा इथे मिसिसागात रात्रभर फोन हातात घेऊन बसलेला. ते बघितल्यापासून आम्ही सगळेच आधी घरच्यांची तब्येत विचारतो आणि मग शपथेची तारीख बघतो.

मग तरी घ्यायची कशाला, असं आईनेच विचारलं. तिला सांगितलं ते इथेही सांगते. पीआर टिकवायला 5 वर्षांत 730 दिवस इथे काढावेच लागतात. सिटिझनशिपला तसलं काही नाही. उद्या बाबांजवळ दोन काय, चार वर्षं राहायची वेळ आली तरी राहून परत येता येईल, नवरा आणि मुलगी इथेच असणारेत, तिची शाळा इथे आहे. म्हणजे आईजवळ निवांत राहता यावं म्हणून मला भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार. हे लिहितानाही घशाशी येतं.

मार्चमध्ये माझे 1095 भरतात. परवा फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली थांब, आणि चष्मा शोधून पेन्सिल घेऊन आली.