तळहातावरचा फोड

दुपारी जेवून लॅपटॉपसमोर बसलो आणि बसल्या बसल्या "आई गं" करत उभाच राहिलो. दोन दिवस काहीतरी टोचत होतं, चड्डीची शिवण असेल म्हणून सोडून दिलं होतं, ती शिवण नव्हती. केसतोड. आणि जागा अशी की घरात सांगायचं म्हटलं तरी आधी दार लावून घ्यावं लागेल.

तीनची मीटिंग मग उभ्याने केली. कॅमेरा चालू, चेहरा गंभीर. कोणीतरी म्हणालं, वा, स्टँडिंग डेस्क घेतलास वाटतं. म्हटलं हो, तब्येतीला चांगलं असतं.

या दुखण्याला आपल्याकडे नावं किती आहेत बघा. पुळी, पुटकुळी, फोड, करट, गळू, बेंड. काखेत झालं की काखमांजरी, हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याला माझा नमस्कार, कारण हात खाली घेतला की खरंच आत मांजर ओरबाडतं. पापणीवर आली की रांजणवाडी. म्हणजे दुखणं साधारण तेच, केसाच्या मुळाशी इन्फेक्शन, पण पत्ता बदलला की नाव बदलतं. आणि क्रियापदं सगळी झाडावरची. फोड धरतो, पिकतो, फुटतो. मध्ये त्याला तोंड येतं. तोंड आलं का गं, असं आत्या आईला विचारायची तेव्हा मला वाटायचं आता हे बोलणार.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन, मांडीला असंच एक गळू झालं होतं. घरात जो येईल तो बघून जायचा. बाबा म्हणायचे दाबून टाकू एकदाचं, काका म्हणायचे सुई तापवा, आजोबा लांबूनच म्हणायचे उष्णता आहे उष्णता, आणि मी पलंगावर पालथा पडून या सगळ्यांचं ऐकत पँट घट्ट धरून. आत्याने मात्र सगळ्यांना बाहेर काढलं. गरम पाण्यात स्वच्छ फडकं बुडवायची, पिळायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग माझ्या मांडीवर ठेवायची. गार झालं की परत. दिवसातून तीन-चार वेळा, दरवेळी दहा-पंधरा मिनिटं, आणि तेवढा वेळ ती काहीतरी सांगत बसायची, बहुतेक शेजारच्यांच्या भानगडी. मला शेक आवडायला लागला होता खरं तर. चौथ्या की पाचव्या रात्री झोपेतच ते फुटलं. सकाळी चादरीला डाग, ठणका गायब, आणि मला चक्क वाईट वाटलं, इतक्या लोकांनी वाट बघितली आणि फुटताना कोणीच जागं नव्हतं.

तर दाबायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि हात तरीही तिकडे जातोच. माझा आत्ता हे टाइप करतानाही दोनदा जाऊन आला. दाबल्यावर पू बाहेरच येईल असा काही करार नसतो, तो आतही घुसतो, आजूबाजूच्या मांसात पसरतो. त्यातून नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन कोपऱ्यांपर्यंतचा जो त्रिकोण आहे तिथला फोड तर बिलकुल नाही, तिथल्या शिरांचा मेंदूकडच्या शिरांशी संबंध असतो, जंतू तिकडे पोचू शकतात. दुर्मीळ गोष्ट आहे, पण आरशासमोर उभं राहून नखं सरसावताना आठवलेली बरी.

आणि पू म्हणजे तरी काय, आपल्याच पांढऱ्या पेशी लढून मेलेल्या, सोबत मेलेले जंतू. १८८० च्या सुमारास ऍबर्डीनच्या अलेक्झांडर ऑगस्टन नावाच्या सर्जनने गळवातला पू मायक्रोस्कोपखाली धरला तेव्हा त्याला गोल गोल ठिपक्यांचे घोस दिसले. ग्रीकमध्ये द्राक्षाच्या घोसाला जो शब्द आहे त्यावरून त्याने नाव ठेवलं स्टॅफिलोकोकस. आपल्या फोडाला बहुतेक वेळा जबाबदार असतो तो त्यातला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, कारण त्याच्या वसाहती पिवळ्याधमक वाढतात. हा सोनेरी पाहुणा साधारण दर तीन माणसांतल्या एकाच्या नाकात काहीही त्रास न देता मुक्कामाला असतो. नाकात बोट घालू नको असं आई का ओरडायची ते मला चाळिशीत कळतंय. तिला हे माहीत नव्हतं, तिला ते नुसतं घाण वाटायचं, पण चालतंय.

बरं, एक गोष्ट मला कधीपासून खुपते. तळहातावरच्या फोडासारखं जपणं. अरे पण केसतोड होतो केसाच्या मुळाशी, आणि तळहातावर केसच नसतात! तळपायावरही नाहीत. म्हणजे तो फोड भाजल्याचा असणार, नाहीतर कुदळ मारून आलेला, आत पाणी असलेला. दुपारभर उभ्याने मी एवढाच शोध लावला आणि बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, तू आज सारखा उभा का आहेस?

मार्क्सही असाच उभा असायचा म्हणे. त्याला वर्षानुवर्षं गळवांनी छळलं होतं, आणि १८६७ मध्ये, त्याचा तो जाडजूड ग्रंथ 'दास कॅपिटल' छपाईत असताना, त्याने त्याचा मित्र एंगल्सला लिहिलं की माझी ही गळवं भांडवलदारांना मरेपर्यंत आठवत राहोत. २००७ मध्ये सॅम शुस्टर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने ती पत्रं वाचून अंदाज बांधला की ते साधे फोड नव्हतेच, काखेत-जांघेत पुन्हा पुन्हा उठणारा वेगळाच जुना आजार असावा. म्हणजे एकाच भागात सारखं सारखं होत असेल तर दाखवून घ्यावं. मला मात्र मीटिंग संपेपर्यंत भांडवलदारांचा राग येत होता हे खरं.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, मला जावई नाही पण भाची डॉक्टर आहे. संध्याकाळी हिंमत करून फोन केला. म्हटलं फोटो पाठवू का. "मामा, प्लीज नको. नुसतं सांग." मग तिने विचारलं केवढाय, ताप आहे का, आजूबाजूला लाल रेषा पसरल्यात का. म्हणाली शेक, हात धू, टॉवेल वेगळा ठेव, फुटला की झाकून ठेव. मी विचारलं एखादी अँटिबायोटिक दे ना, तर म्हणाली पू साचलेला असतो तिथे गोळी नीट पोचत नाही, मोठं असेल तर चिरा देऊन निचराच करावा लागतो, आणि तो डॉक्टरने, तू नाही, ऐकतोयस ना? म्हणजे थोडक्यात आत्याचंच सगळं, फक्त शेजारच्यांच्या भानगडी वगळून.

मग तिने अगदी सहज विचारलं, "शुगर कधी तपासलीस?"

आजोबांच्या पाठीवर खाचखळगे असलेली एक मोठी जागा होती. मी लहानपणी त्यांची पाठ चोळायचो तेव्हा तिथे हात आला की हळू व्हायचो. ती काळपुळी होती, तिला एक नाही, चार-पाच तोंडं होती म्हणे, आणि ते तीन आठवडे फोडच आहे, बसेल म्हणत शर्ट घालून फिरत होते. शेवटी तापाने फणफणले तेव्हा दवाखान्यात नेलं, आणि तिथे कळलं की साखर किती वाढलीय, आणि ती कधीपासून वाढलीय हे कोणालाच सांगता येईना. पुढे आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या फोडाला लांबूनच उष्णता उष्णता म्हणत राहिले, जवळ येऊन कधी बघितलं नाही.

"मागच्या वर्षी तपासली होती," मी भाचीला म्हणालो.

नव्हती तपासली. पाणी तापत ठेवलंय, बघतो.